‘पाऊस सांगायला पाच वर्षं शिकायचं?’

निफाड तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार आमच्या जुन्या ओळखीचे. सगळे त्यांना तात्या म्हणतात. परवा नाशकातलं काम उरकून पुतणीला घेऊन घरी आले आणि चहा यायच्या आधीच विषयाला हात घातला.

"सर, पोरगी फिजिक्स घेऊन एमएस्सी झाली. नोकरी बघायची सोडून म्हणती, वातावरण आणि समुद्रविज्ञानात पीएचडी करायची. पाऊस सांगायला पाच वर्षं शिकायचं? मोबाइलवर दिसतोच की पाऊस. आणि नाशकात समुद्र कुठाय?"

पुतणी काही बोलली नाही. घरी हे बोलणं दहा वेळा होऊन गेलेलं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी आयुष्यभर फिजिक्स शिकवलं, हवामान नव्हे. पण माझे काही विद्यार्थी या वाटेनं गेले, त्यांच्याकडून बरंच ऐकलेलं आहे. शिवाय हे प्रश्न एकट्या तात्यांचे नाहीत. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात पोचला, म्हणजे नेहमीच्या १ जूनच्या आठ दिवस आधी. २६ मे रोजी तो मुंबईत होता, जिथं त्याची तारीख ११ जून. त्याच महिन्यात अवकाळीनं आपल्या जिल्ह्यातला उन्हाळ कांदा वावरातच भिजवला. तेव्हापासून "एवढे शास्त्रज्ञ करतात तरी काय?" हे रोज कानावर येतं. म्हणून तात्यांना जे सांगितलं ते इथं जरा सावकाशीनं मांडतो.

## आधी शब्दांचा घोळ

मराठीत ‘हवामान’ हा शब्द आपण दोन गोष्टींसाठी वापरतो. आज दुपारी पिंपळगावला पाऊस पडेल का, हेही हवामान. आणि नाशिकचं हवामान थंड, हेही हवामान. लासलगावच्या कांद्याचं उदाहरण घ्या. आज क्विंटलला काय भाव निघाला ही एक गोष्ट, आणि गेल्या तीस वर्षांत कोणत्या महिन्यात भाव साधारण कसा चालतो ही दुसरी. पहिली रोजची हवा, दुसरं दीर्घकाळचं हवामान. व्यापाऱ्याला दोन्ही कळावी लागतात, पण दोन्हींचा हिशोब वेगळा असतो.

हवा अशी का वागते, हे भौतिकशास्त्र आणि गणितानं शोधायचं, ते वातावरणशास्त्र. समुद्राचं तापमान, प्रवाह, खारेपणा आणि त्यांचं हवेशी असलेलं देणंघेणं हे समुद्रविज्ञान. दोन्ही विषय एकाच विभागात शिकवतात, त्याला कारण आहे.

## नाशकात समुद्र कुठाय?

तात्यांना मी २०१९ सालची आठवण करून दिली. त्यांनी लगेच मान खाली घातली. ऑक्टोबर संपत आला तरी पाऊस हटेना. बागलाणात आगाप छाटणीच्या बागांमध्ये माल तयार होता, त्याचे मणी तडकले. इकडं निफाड-दिंडोरीत बागा पोंग्यात आणि दोड्यात, म्हणजे नवी फूट आणि कोवळे घड निघायच्या अवस्थेत, तिथं डाउनी ही बुरशी आणि घडकुज. लोक दिवसातून दोन-दोन फवारण्या घेत होते आणि ट्रॅक्टर सरीत रुतत होते.

त्या दिवसांत अरबी समुद्रात पाठोपाठ दोन चक्रीवादळं होती, ‘क्यार’ आणि ‘महा’. आणि त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिमेकडचा, आफ्रिकेच्या बाजूचा भाग नेहमीपेक्षा गरम, तर इंडोनेशियाच्या बाजूचा भाग थंड होता. समुद्राच्या दोन टोकांतला हा चढउतार म्हणजे ‘इंडियन ओशन डायपोल’. २०१९ चा डायपोल अलीकडच्या काळातल्या सर्वांत तीव्र डायपोलांपैकी एक. गंमत म्हणजे या गोष्टीला शास्त्रात नाव मिळालं ते १९९९ मध्ये, साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांच्या शोधनिबंधातून. चौघांपैकी तिघं भारतीय. म्हणजे तात्यांनी पहिली बाग लावली तेव्हा या राक्षसाचं बारसंसुद्धा झालेलं नव्हतं.

समुद्राचं एवढं वजन कशामुळे? पाणी तापायला उशीर लागतो आणि निवायलाही. समुद्राच्या फक्त वरच्या तीनेक मीटर थरात जेवढी उष्णता मावते, तेवढी डोक्यावरच्या सगळ्या हवेत मिळून मावते. हवा म्हणजे तवा. आच लागली की तापला, उतरवला की निवला. समुद्र म्हणजे बंबातलं पाणी. सकाळी पेटवलेला बंब दुपारपर्यंत हात भाजतो. पुढच्या महिन्याचा अंदाज हवा असेल तर तव्याला हात लावून भागत नाही, बंब बघावा लागतो.

तो बघायचा कसा, हेही मजेदार आहे. जगभरच्या समुद्रात ‘आर्गो’ नावाचे सुमारे चार हजार तरंगते यांत्रिक नळकांडे सोडलेले आहेत. ते दोन हजार मीटर खोल बुडी मारतात, वर येताना तापमान आणि खारेपणा मोजतात, उपग्रहाला कळवतात आणि पुन्हा बुडतात. दर दहा दिवसांनी एक फेरी. आपल्याकडे त्यातलं बरंच काम हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था बघते. हैदराबादलाही समुद्र नाही, हे तात्यांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

## मोबाइलवर दिसतोच की

दिसतो. पण तो तिथं येतो कुठून?

पृथ्वीभोवतीच्या हवेचे चौकोन पाडायचे, जसे शेताचे वाफे पाडतात तसे, आणि ते उंचीतही एकावर एक रचायचे. प्रत्येक चौकोनाला एकच तापमान, एकच दाब, एकच वारा. मग न्यूटनचे नियम, उष्णतेचे नियम लावून, एका वाफ्यातलं पाणी शेजारच्या वाफ्यात किती जाईल तसा हिशोब काही मिनिटांच्या पावलानं पुढं नेत राहायचा. या हिशोबाला मॉडेल म्हणतात. पुण्याच्या पाषाणमध्ये भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, सगळे तिला आयआयटीएम म्हणतात, १९६२ साली सुरू झाली. तिथं तयार झालेलं ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ हे मॉडेल २६ मे २०२५ रोजी, म्हणजे मोसमी पाऊस मुंबईत शिरला त्याच दिवशी, कामाला लागलं. त्याचा चौकोन सहा किलोमीटरचा. आधीच्या मॉडेलचा बारा किलोमीटरचा होता.

बाराचे सहा म्हणजे निम्मंच तर झालं, असं वाटेल. पण लांबी निम्मी, रुंदी निम्मी म्हणजे चौकोन चौपट. चौकोन लहान झाला की हिशोबाचं पाऊलही लहान टाकावं लागतं, म्हणजे पावलं दुप्पट. काम आठपट. म्हणूनच महासंगणक लागतात; आयआयटीएममधल्या सध्याच्या महासंगणकाचं नाव ‘अर्क’, तो २०२४ मध्ये आला.

आता सहा किलोमीटर म्हणजे किती? पंचवटी आणि सिडको मिळून जवळजवळ एकच चौकोन. मॉडेलला त्या दोन्हींत फरक कळत नाही. आणि नाशिककराला तर पक्कं ठाऊक आहे, की सिडकोत धो धो कोसळत असतो तेव्हा पंचवटीत दुचाकीवाला कोरडा असतो. ढग एक-दोन किलोमीटरचा, चौकोन सहाचा. जे चौकोनात मावतच नाही ते अंदाजानं, एखाद्या सूत्रानं भरावं लागतं. याला पॅरामीटरायझेशन म्हणतात. बागाईतदार सगळी बाग तोडून गोडी मोजत नाही. प्लॉटमधले ठरावीक घड घेतो, त्यांची साखर बघतो आणि अख्ख्या प्लॉटचा आकडा सांगतो. तसंच हे. घड कुठून घ्यायचे आणि किती, यातच सगळी हुशारी, आणि चूक होते तीही तिथंच.

आपला जिल्हा या बाबतीत मॉडेलची परीक्षाच घेतो. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, येवल्याला पाचशेच्या आसपास. मधलं अंतर शे-सव्वाशे किलोमीटर. घाट चढून आलेला ढग इगतपुरी-त्र्यंबकला रिकामा होतो आणि सिन्नर-येवल्याकडे नुसती सावली घेऊन जातो. एका जिल्ह्यात कोकण आणि माणदेश. असा डोंगर आणि असा पाऊस सहा किलोमीटरच्या चौकोनात नीट उतरवणं हे अजून सुटलेलं काम नाही. पुतणी पहिल्यांदा बोलली ती इथं: "काका, मी तेच म्हणत होते."

## पण पाच वर्षं करतात तरी काय?

पीएचडी म्हणजे आणखी पाच वर्षं वर्गात बसणं, असा समज आहे. वर्ग पहिल्या सहा-आठ महिन्यांपुरते. पुढं एकच प्रश्न घेऊन त्याच्या मागं लागायचं, आणि तो इतका बारीक असतो की बाहेरच्याला हसू यावं. ‘भारतातला पाऊस’ हा पीएचडीचा विषय नाही. ‘घाटमाथ्यावरच्या ढगांत थेंब मोठे व्हायला किती वेळ लागतो’ हा होऊ शकतो.

माझा एक विद्यार्थी सांगायचा, दिवसातले आठ तास काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. फोरट्रॅन नावाची संगणकाची जुनी भाषा, जी आपल्याला वाटतं केव्हाच गेली, ती इथं अजून ठणठणीत आहे. मोठमोठी मॉडेलं तिच्यातच लिहिलेली. चित्रं काढायला पायथन. संध्याकाळी मॉडेल चालवायला टाकायचं, सकाळी बघायचं तर रात्री दोनला बंद पडलेलं, कारण एका फाइलीत तापमान सेल्सिअसमध्ये होतं आणि मॉडेलला केल्विन हवं होतं. असे तीन आठवडे गेल्यावर तो घरी आईला म्हणाला होता, "मी पावसावर नाही, फाइलींवर पीएचडी करतोय."

सगळंच काम पडद्यापुढचं नसतं. रोज पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास देशभरातल्या ठरावीक केंद्रांवरून एक फुगा आकाशात सोडतात, खाली दोरीला छोटी डबी. ती तीस किलोमीटरच्या आसपास उंचीपर्यंत तापमान, दाब, आर्द्रता कळवत जाते आणि मग फुगा फुटतो. जगभर हे एकाच वेळी होतं. काहींचं काम महाबळेश्वरच्या ढगांच्या प्रयोगशाळेत, काहींचं ‘सागर निधी’सारख्या संशोधन जहाजावर, जिथं पहिले चार दिवस फक्त उलट्या होतात असं जाऊन आलेले सगळेच सांगतात.

आयआयटीएमच्या लोकांनी सोलापूरला विमानातून ढगांत बीजारोपण करून, म्हणजे थेंब धरणारे बारीक क्षारकण सोडून पाहिलं, २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत. कृत्रिम पाऊस म्हणून आपल्याकडे दर दुष्काळात जी चर्चा होते, तिचा पहिल्यांदाच इतका काटेकोर हिशोब झाला. काही ढगांत बी टाकलं, तशाच काहींत मुद्दाम टाकलं नाही, आणि दोन्हींची तुलना केली. पाऊस सरासरी अठरा टक्क्यांच्या आसपास वाढलेला दिसला, तोही योग्य ढग सापडला तर. ढगच नसेल तर विमान उडवून उपयोग नाही, हे त्यातलं न बोललेलं अर्धं उत्तर. दुष्काळात नेमके ढगच नसतात.

## कोणाला जमतं? आणि खर्च कोणाचा?

हवामानाची पदवी आधी असायलाच हवी असं नाही. भौतिकशास्त्र, गणित, अभियांत्रिकी, भूशास्त्र, काही ठिकाणी रसायनशास्त्र, सगळे चालतात. हवामान खात्याचे एकेकाळचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर १९०४ मध्ये भारतात आले तेव्हा ते निव्वळ गणितज्ञ होते. मोसमी पावसाचा अंदाज बांधायला आकडेमोड करता करता त्यांना प्रशांत महासागराच्या दोन टोकांमधला हवेच्या दाबाचा हेलकावा सापडला, जो आज एल निनोच्या अभ्यासाचा कणा आहे.

दारं मुख्यतः दोन. एक गेट परीक्षा. तिच्या अभियांत्रिकी विज्ञानाच्या पेपरात वातावरण आणि समुद्रविज्ञानाचा स्वतंत्र भाग असतो. दुसरं सीएसआयआर-नेट, तिच्यात पृथ्वी, वातावरण, समुद्र आणि ग्रहविज्ञान असा विषयच आहे, पण भौतिकशास्त्रातून नेट झालेलाही चालतो. नेटमधून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढं कामाचा आढावा घेऊन ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. म्हणजे पीएचडीला पैसे भरायचे नसतात, मिळतात. तात्या इथं खुर्चीत जरा पुढं सरकले. पण खरं सांगायचं तर हे पैसे दर एक तारखेला खात्यात पडतातच असं नाही; महिनोन्‌महिने थकलेली शिष्यवृत्ती ही संशोधक पोरांची जुनी रड आहे. पहिल्या वर्षासाठी घरून थोडा आधार असलेला बरा.

जायचं कुठं? जवळ म्हणजे पुणे: आयआयटीएम आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा वातावरण व अवकाश विज्ञान विभाग. आयआयटीएममध्ये काम करायचं, पण पदवी विद्यापीठाची मिळते. त्यापलीकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचं (आयआयएस्सी) याच विषयाचं केंद्र, दिल्ली, खरगपूर, भुवनेश्वर इथल्या आयआयटी, कोचीन आणि आंध्र विद्यापीठ, आणि समुद्रासाठी गोव्यातल्या दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी तीन आणि साधारणपणे जास्तीत जास्त सहा वर्षं मुदत. व्यवहारात पाच धरा.

संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक बघा, असं मी प्रत्येकाला सांगतो. त्यांच्या हाताखालून आधी किती जण बाहेर पडले, किती वर्षांत, आणि आता कुठं आहेत, हे त्याच विद्यार्थ्यांना फोन करून विचारायचं. द्राक्षाची कलमं घेताना आपण नर्सरीत जाऊन मुळं बघतोच ना.

## नोकरी लागेल का?

इथं मी गोड बोलणार नाही. सरकारी जागा चांगल्या आहेत, पण मोजक्या. भारतीय हवामान खातं १८७५ पासूनचं. ते, आयआयटीएम, इन्कॉइस, नोएडाचं मध्यम पल्ल्याच्या अंदाजाचं केंद्र, इस्रोच्या अहमदाबाद आणि हैदराबादच्या संस्था. शास्त्रज्ञ ‘बी’ या पदाचं सुरुवातीचं मूळ वेतन महिना ५६,१००, त्यावरच्या ‘सी’चं ६७,७०० रुपये, त्यावर भत्ते. २०२४ मध्ये केंद्रानं ‘मिशन मौसम’साठी दोन वर्षांत दोन हजार कोटी मंजूर केले, त्यामुळे रडार, उपकरणं, संगणक वाढत आहेत. पण यंत्रं वाढली म्हणून कायमच्या जागा त्याच वेगानं वाढतात असं नाही. बहुतेकांना पीएचडीनंतर दोन-चार वर्षं ‘पोस्टडॉक’, म्हणजे कंत्राटी संशोधक म्हणून काढावी लागतात, अनेकदा परदेशात. तिशी ओलांडते. मुलीच्या बाबतीत या वर्षांत घरचे काय विचारू लागतात ते वेगळं सांगायला नको. तात्यांच्या प्रश्नामागचा अर्धा प्रश्न तोच होता.

बाहेरचं जग मात्र दहा वर्षांत बदललं. साक्री भागातल्या सौर आणि पवन प्रकल्पांना उद्या किती वीज तयार होईल हे आदल्या दिवशी कळवावं लागतं, चुकलं तर दंड. तिथं वाऱ्याचा आणि ढगांचा अंदाज सांगणारा माणूस लागतो. विमा कंपन्यांनाही लागतो. आपल्याकडे फळपिकाचा हवामान आधारित विमा आहे. महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रावर ठरलेल्या निकषाइतका पाऊस किंवा तापमान नोंदलं गेलं तरच भरपाई. पाऊस बागेत पडला आणि केंद्र कोरडं राहिलं, हे दुखणं तात्यांनी स्वतः भोगलंय. ते निकष कुणीतरी ठरवतं. ठरवणाऱ्याला ढगाचा आकार आणि मंडळाचा आकार यांतला फरक कळत असेल तर बरं.

शिवाय २०२७ च्या सिंहस्थाची मुख्य स्नानं भर पावसाळ्यात आहेत. गोदेला किती पाणी आलं हे नाशिककर नदीच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीकडे बघून सांगतो: पाणी गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. पण मारुती आत्ता किती आहे ते सांगतो. गंगापूर धरणाच्या वर परवा किती कोसळेल, हे त्याला कुणी विचारत नाही.

## आता तर एआय आलंय

हा प्रश्न तात्यांचा नव्हे, शेजारच्या इंजिनिअर मुलाचा. २०२३ मध्ये गूगलच्या ‘ग्राफकास्ट’नं दाखवलं की शिकवलेला संगणक दहा दिवसांचा अंदाज मिनिटभरात काढतो आणि बऱ्याच बाबतीत नेहमीच्या मॉडेलला मागं टाकतो. युरोपच्या हवामान अंदाज केंद्रानं २०२५ पासून स्वतःचं एआय मॉडेल रोजच्या वापरात आणलं. खोटं नाही. पण हे संगणक शिकले कशावर? चाळीस वर्षांच्या रोजच्या हवेच्या नोंदवहीवर, आणि ती वही फुगे, जहाजं, उपग्रह आणि तीच जुनी भौतिकशास्त्राची मॉडेलं वापरून माणसांनी तयार केलेली. वहीत जे कधी घडलंच नाही, ते घडायला लागलं तर काय करायचं? काम संपलेलं नाही, बदललंय. म्हणून आता या विषयात येणाऱ्याला दोन्ही हातांनी लिहिता यावं लागतं: एका हातानं समीकरण, दुसऱ्यानं कोड.

## पीएचडी नाही केली तर?

चालतं. हवामान खात्यात वैज्ञानिक सहायकाच्या जागा कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेतून भरतात, त्याला पीएचडी लागत नाही. आणि अण्णा मणींचं उदाहरण आहेच. सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणकांवर पाच शोधनिबंध लिहिले, प्रबंध सादर केला. पण एमएस्सी नाही म्हणून मद्रास विद्यापीठानं पीएचडी दिली नाही. १९४८ मध्ये त्या पुण्यात हवामान खात्यात आल्या आणि जी उपकरणं परदेशातून यायची ती इथं बनवायला शिकवली. सौर ऊर्जा आणि वाऱ्याची देशभरची मोजणी त्यांनी उभी केली. उपमहासंचालक म्हणून १९७६ मध्ये निवृत्त झाल्या. पदवी शेवटपर्यंत नव्हती. पण आज तशीच दारं उघडतील या भरवशावर कुणी राहू नये. संशोधनाच्या जागेला आता पीएचडी विचारतातच.

चहा कधीच संपला होता. तात्या उठता उठता म्हणाले, "बरं, एवढं शिकून मला हे सांगल का, की ऑक्टोबर छाटणी कोणत्या आठवड्यात घेऊ? दोडा निघल तवा पाऊस नको मला. बास."

छाटणीपासून फुलोऱ्यापर्यंत चाळीसेक दिवस. आणि ठरावीक दिवशी ठरावीक ठिकाणी काय होईल, हे सांगायची निसर्गानंच घातलेली मर्यादा दोनेक आठवड्यांची. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा अंदाज देतं, पण तो मोठ्या प्रदेशाचा, आणि कमी-जास्त पावसाच्या शक्यतेचा. दोन आठवडे आणि दोन महिने यांच्या मधल्या या पट्ट्यात जगभरचे लोक चाचपडत आहेत. मी तात्यांना तसं सांगणार होतो, तेवढ्यात पुतणीनं पिशवीतून मार्गदर्शकांना पाठवायचं अर्जाचं पान काढलं. विषयाच्या रकान्यात तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं: उत्तर महाराष्ट्रातल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसाचा तीन ते सहा आठवडे आधीचा अंदाज.

तात्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग विचारलं, "हे पेननं का नाही लिहिलं?"